टेकाच्या रानाचा मालक

"परत माग," तुळसाजीराव म्हणाले.

"मागितलं की, मालक."

"तसं न्हाय. हितं मी हाय, तू हाईस अन् ही म्हैस हाय. म्हशीला कोण इचारतंय? उद्या सकाळी पारावर ये. चार माणसं आसतील. तिथं मोठ्यानं माग. काय म्हणशील?"

"टेकाच्या रानात कोल्हे मारू का, म्हणीन."

"कुणाच्या?"

"टेकाच्या."

"कुणाच्या टेकाच्या?"

त्यांनी पानाला चुना लावला, पान तोंडात सारलं आणि मला शिकवायला घेतलं.

"तुळसाजीराव नलावड्यांच्या मालकीच्या टेकाच्या रानात. म्हण."

मी म्हटलं.

"मालक, तुमची परवानगी आसंल तर. हे बी म्हण."

तेही म्हटलं. शाळेची पायरी मी कधी चढलो नव्हतो, पण पाठ म्हणून दाखवायची वेळ त्या गोठ्यात आली. वाचायला मी पुढं पुष्कळ वर्षांनी, माझा मीच शिकलो. तोवर जे पाठ केलं ते असंच, कुणीतरी म्हणायला लावलेलं.

तुळसाजीराव म्हणजे निमसोंडचे मोठे बागायतदार. त्यांच्याकडे जाताना मी 'नाही' ऐकायची तयारी करून गेलो होतो. आमच्या अंगावर कुत्री सोडणारे लोक मी बघितले होते, काठी उगारणारे बघितले होते, आणि न बोलता नुसतं दार लावून घेणारेही बघितले होते. 'परत माग' म्हणणारा पहिलाच भेटला. मला बरं वाटलं. तेव्हा मी वेडा होतो.

आम्ही वैदू. आमच्या बायका सुया, पोत, जडीबुटी विकत गावोगाव फिरायच्या आणि आम्ही कुत्री घेऊन शिकार करायचो. घोरपड, साळिंदर, कोल्हा. कोल्ह्याचं मांस खायचं आणि चरबी सांधेदुखीला विकायची. हे वाचून कुणाला मळमळत असेल तर चरबी विकत घेणारी घरं मला माहीत आहेत, दाखवीन. आणि कोल्हा मारायला तेव्हा कायद्याची बंदी नव्हती, ती नंतर आली. आमच्यावर मात्र बंदी होती. ती कुणी लिहिली नव्हती, म्हणून कुणाला उठवताही आली नाही.

आमचं शिकारीचं रान ठरलेलं होतं. नदीकाठची काही गावं, पणज्याच्याही आधीपासून आमची. आमची म्हणजे जमीन नव्हे. त्या गावांच्या शिवारात शिकार आमच्याच टोळीनं करायची, दुसऱ्या वैदूंनी करायची नाही, एवढंच. तिथले लोक आम्हाला नावानं ओळखायचे. परवानगी मागावी लागत नसे. मग धरण झालं. गावांना नवी गावठाणं मिळाली, तुटपुंजी का होईना, भरपाई मिळाली. आमचं रान पाण्याखाली गेलं, ते गेलं हे सांगायला जागा नव्हती. त्याच धरणाचं पाणी पाटानं खाली ज्या मुलखात गेलं तिथं ऊस आला, उसात कोल्हे आले, आणि कोल्ह्यांच्या मागं आम्ही आलो.

निमसोंडच्या ओढ्याकाठी पालं टाकली आणि चुलीवर भांडं चढायच्या आत पोलीस पाटील आले. माणूस शिवराळ नव्हता. त्यांनी सायकल बाभळीला टेकवली, पालं बघितली, कुत्री बघितली, माझ्या बायकोचं पोट बघितलं.

"कामाला आलाय का नुसतं आलाय?"

"शिकारीला आलोय."

"ते काम न्हवं."

"उसात कोल्हे हायेत ना? ते मारतो."

"मग ज्याचा ऊस हाय त्याला इचारा. गावातला कुणी जमीनवाला म्हणू दे, ही माणसं माझ्या कामाची. मग ऱ्हावा म्हयनाभर, मी बघणार न्हाय. पण तसं कुणी म्हणलं न्हाय, तर परवा पालं उठली पाहिजेत. आमच्या गावाचा रिवाज हाय."

रिवाज सगळ्यांनाच असतात.

माझ्या बायकोचे, गंगव्वाचे, दिवस भरत आले होते. आमचं पहिलं मूल रस्त्यावर गेलं. एका गावानं भर दुपारी उठवलं होतं. कळा सुरू झाल्यात म्हणून सांगितलं, तर पुढच्या गावाला थांबा म्हणाले. ती दोन गावांच्या मध्ये रस्त्याखालच्या मोरीत बाळंत झाली. मूल रडलंच नाही. आम्ही लगेच पुन्हा चालायला लागलो, कारण पुढच्या गावानंही थांबू दिलं नाही. म्हणून यावेळी मला दुसरं काही नको होतं. बाळंतपण होऊन ती उठून बसेपर्यंत पालं एका जागी राहायला हवी होती. तेवढ्यासाठी मी तुळसाजीरावांच्या म्हशीसमोर उभा राहून पाठ म्हणत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पारावर गेलो. तुळसाजीराव आधीच येऊन बसले होते. गुरुजी होते, सोपान न्हावी होता, पोलीस पाटील होते, आणि सहज आल्यासारखे दिसणारे आणखी काही जण होते.

"काय रं वैदू, काय काम काढलंस?" तुळसाजीरावांनी मला आयुष्यात पहिल्यांदा बघितल्यासारखं विचारलं.

मी म्हटलं, "मालक, तुमची परवानगी असली तर तुळसाजीराव नलावड्यांच्या मालकीच्या टेकाच्या रानात कोल्हे मारू का?"

"मार. माझं रान हाय, मी सांगतो, मार. गुरुजी, ऐकलं न्हवं?"

गुरुजी म्हणाले, "ऐकलं."

"पाटील?"

"ऐकलं."

एवढ्यात देवळाकडून एक म्हातारा काठी टेकत आला. तुळसाजीरावांनी मला त्याच्यासाठी पुन्हा एकदा मागायला लावलं. मी मागितलं, त्यांनी पुन्हा दिलं. मग सगळ्यांना चहा सांगितला. त्यांना कपांतून आला, मला करवंटीतून. चहा तोच होता.

पोलीस पाटील मला म्हणाले, "झालं तर मग. ऱ्हावा."

मी पालांकडे जवळजवळ धावत गेलो. गंगव्वाला सांगितलं, "रहायचं." ती पालाच्या सावलीत पाय पसरून बसली होती. तिनं हसून तोंड दुसरीकडे वळवलं. माझी आई, नरसव्वा, पाट्यावर मुळ्या वाटत होती. पारावर काय झालं ते ऐकून तिनं विचारलं, "दोनदा का मागायला लावलं त्यानं?"

"चार माणसांत मोठेपणा, आव्वा. दुसरं काय?"

"मोठेपणा एकदा मागितल्यानं पण होतो," ती म्हणाली आणि वाटत राहिली.

आपसांत आम्ही आमच्या भाषेत बोलायचो. ते इथं मराठीत लिहितोय.

दुपारी शामराव आले. शामराव नलावडे, तुळसाजीरावांचे चुलतभाऊ, वयानं लहान. मागं दोन गडी होते. आल्याआल्या बसले, तेही आमच्या गोधडीवर. म्हटलं, आज दिवसच वेगळा आहे.

"पाव्हणं, सकाळी पारावर काय मागितलंत?"

मी सांगितलं.

"कुणाचं रान म्हणालात?"

मी तेही सांगितलं.

शामराव हसले. "पाव्हणं, त्या रानाचा दावा चालू हाय. माझा बाप गेला तवापास्नं. दादा म्हणतो त्याचं, मी म्हणतो माझं. कागद दोघांकडं हायेत, दोघांचं बी खरं हायेत. आता गाडी वहिवाटीवर आलीया. रानात कोण शिरतो, कुणाला इचारून शिरतो, कोण कुणाला नको म्हणू शकतो, हे बघत्यात. वकील म्हणला, साक्षीदार गोळा करा. दादानं तुला गोळा केला."

"मला त्यातलं काही माहीत नव्हतं."

"म्हणून तर केला. जाणत्या माणसाला फितवायला लय त्रास पडतो."

"मग आता?"

"आता काय, मला बी माग. दादाचं न्हाय म्हणू नगंस. मी कुठं म्हणतोय त्याला खोटं पाड? तू नुसतं मला माग. सांजच्याला गिरणीपुढं माणसं आसत्यात. तिथं ये."

"आणि नाही मागितलं तर?"

शामराव आमच्या कुत्र्यांकडे बघत राहिले. कुत्री सावलीत पडून धापा टाकत होती.

"ब्येस कुत्री हायेत," ते म्हणाले. "संबाळा. आमच्यात उसावर औषध मारत्यात. कुत्र्याची जात कुठंबी तोंड घालती. बायकोचं दिवस भरल्यात वाटतं?"

"हो."

"आमच्या सूनबाईचं बी. सातवा सरला. लय वर्सानं देवानं बघितलं." हे त्यांनी अगदी घरच्यासारखं सांगितलं. मग उठले, धोतर झटकलं आणि गेले.

मी आव्वाकडे बघितलं.

"माग की," ती म्हणाली. "मागायला काय जातं आपलं."

संध्याकाळी गिरणीपुढं जाऊन मी शामराव नलावड्यांच्या मालकीचं टेकाचं रान मागितलं. त्यांनी दिलं. दोघांपैकी शामरावांचा आवाज मोठा होता, गिरणी चालू असून सगळ्यांना ऐकू गेला. पोलीस पाटील दळण घेऊन आले होते. त्यांनी कपाळाला हात लावला, हाताचं पीठ कपाळाला लागलं.

"सकाळी त्यांचं, आता ह्यांचं?"

"दोघांनीही मागायला सांगितलं, पाटील."

"मग आता तू कुणाच्या कामाचा म्हणू मी?"

"कुणाच्याही म्हणा."

"आसं न्हाय म्हणता येत. मला कुणी इचारलं तर एक नाव पाहिजे." पाटील विचार करत राहिले. मग म्हणाले, "उद्या उजाडताना टेकावर यीन. कुत्री सोडायच्या आधी मोठ्यानं नाव घे. कुणाच्या परवानगीनं सोडतोस त्याचं. ज्याचं नाव घेशील त्याचा तू. न्हाय घेतलंस तर पालं उचल."

गिरणीपुढच्या माणसांनी हे ऐकलं. पाटलांचं दळण व्हायच्या आत ते तुळसाजीरावांच्या वाड्यावर पोचलं असणार.

पालात आलो. गंगव्वानं विचारलं, "कुणाचं घेणार?"

"तुळसाजीरावांचं. आधी त्यांना मागितलं होतं."

"आणि दुसरा?"

मी कुत्र्यांच्या गळ्यातल्या दोऱ्या तपासायला लागलो.

"दुसरा काय करील ते मी सांगू का?" ती म्हणाली. "आणि दुसऱ्याचं घेतलंस तर पहिला काय करील?"

"मग काय करू? कुणाचंच घेतलं नाही तर उद्याच चालायचं."

"मी चालणार नाही. मला इथं ठेवून जा, पण मी चालणार नाही."

तिनं हे भांडून म्हटलं नाही. भाकरी संपली असं सांगावं तसं म्हटलं.

मी आव्वाला विचारलं. मला जे काही येत होतं ते जुन्या रानातलं. नव्या रानात आमच्यातला कुणी शिरलाच नव्हता, मी काय आणि माझा बाप काय. जुन्यातलं जुनं माणूस तीच.

"आव्वा, नव्या रानाचा काही रिवाज असतो का आपल्यात?"

ती मुळ्यांची पुरचुंडी बांधत होती. "असतो," म्हणाली.

"काय?"

"सकाळी बघू."

टेक म्हणजे ओढ्याकाठचा उंचवटा. वर घाणेरी, बाभळी, वेडीवाकडी झुडपं, त्यात कोल्ह्यांची बिळं. खाली चारी बाजूंनी ऊस. दाव्यामुळं वरचा भाग कुणी साफ केला नव्हता. दोन भाऊ भांडत होते तेवढ्या काळात कोल्ह्यांनी तिथं संसार थाटला होता. ऊस दोन्ही बाजूंनी सारखाच कुरतडलेला होता, कोल्ह्यांनी पक्षपात केला नव्हता.

उजाडताना आम्ही पोचलो. मी, माझा मेहुणा सायबू, कुत्री आणि आव्वा. बायका शिकारीला येत नाहीत, पण ती आली आणि मी काही बोललो नाही.

बांधाच्या एका बाजूला तुळसाजीराव खुर्ची टाकून बसले होते. खुर्ची गड्याकडून रानात आणवली होती. दुसऱ्या बाजूला शामराव उभे होते, त्यांची माणसं मागं. मध्ये पोलीस पाटील, गुरुजी, न्हावी आणि अर्धं गाव. कोल्ह्याची शिकार बघायला एवढी माणसं येत नसतात.

"चल रं वैदू," पाटील म्हणाले. "नाव घे अन् सोड."

तुळसाजीराव पारावर बघत होते तसंच माझ्याकडे बघत होते. शामराव कुत्र्यांकडे बघत होते. मी तोंड उघडलं. तुळसाजीरावांच्या नावाचं पहिलं अक्षर जिभेवर आलं होतं.

"थांब," आव्वा मागून म्हणाली. मराठीत म्हणाली, सगळ्यांना कळावं म्हणून.

मी आमच्या भाषेत विचारलं, "काय?"

तिनं माझ्याकडे बघितलंच नाही. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि बांधावर चढली.

"पाटीलबाबा, आमच्यात नव्या रानात कुत्री सोडायची तर रिवाज हाय. नाव शिकाऱ्यानं घ्यायचं नसतं. मालकानं बोलायचं असतं."

"काय बोलायचं?"

"रान माझं, रक्त माझं. एवढंच. मालकानं रानात उभं राहून म्हणायचं. मग कुत्री सुटत्यात."

"रान माझं," तुळसाजीराव लगेच म्हणाले. खुर्चीतून उठले.

"रान माझं," शामराव त्यांच्या वरचढ म्हणाले.

"रक्त बी म्हणा," आव्वा म्हणाली.

तुळसाजीरावांनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. "रक्त म्हंजे?"

"ह्या रानात जे मरंल त्याचं रक्त. मारणाराच्या घरात जात न्हाय. ज्याचं रान त्याच्या घरात जातं. म्हणून तर मालकाला इचारायचं. न्हायतर आमाला काय, आमी इचारलंच नसतं."

मी हे पहिल्यांदाच ऐकत होतो. म्हणजे खोटं नाव घेतलं असतं तर ते रक्त माझ्या पालात आलं असतं. मी सायबूकडे बघितलं. त्यानं कुत्र्यांच्या दोऱ्या हाताला आणखी एक वेढा देऊन धरल्या.

"कोल्ह्याच्या रक्ताला कोण भितंय?" गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

सोपान न्हाव्यानं विचारलं, "पण म्हातारे, ह्या दिवसात कोल्हीण गाभण आसती. तसली मेली तर?"

"तर पोटातलं बी त्याच घरात," आव्वा म्हणाली.

निमसोंडमध्ये हे न सांगता सगळ्यांना माहीत होतं की शामरावांच्या सुनेचा आठवा चालू आहे. आणि तुळसाजीरावांची थोरली लेक बाळंतपणासाठी माहेरी आली आहे हेही माहीत होतं. मला त्यातलं दुसरं माहीत नव्हतं, ते मी तुळसाजीरावांच्या तोंडावर वाचलं. ते हळूच खुर्चीत बसले.

"बोल की, शाम्या," थोड्या वेळानं ते म्हणाले. "कोर्टात तर लय बोलतोस. रान तुझं हाय ना?"

"तुमी वडील हाईसा, दादा. तुमी बोला."

"दावा तू लावलास."

"पर काल सकाळी पारावर पहिल्यांदा तुमी दिलं, मी मागनं दिलं. पहिला मान तुमचा."

"मला मान नगो."

"मला बी नगो."

"गुरुजी," तुळसाजीराव म्हणाले, "हे आसलं कायद्यात बसतंय का?"

गुरुजी म्हणाले, "कायद्यात बसत नाही." मग थोडं थांबून म्हणाले, "पण मी काही म्हणणार नाही." गुरुजींची बायकोही गरोदर असावी असं मला वाटून गेलं.

पोलीस पाटलांनी बराच वेळ वाट बघितली. "मग मालक कोण?" त्यांनी एकदा विचारलं. पुन्हा विचारलं. उत्तर आलं नाही. टेकावर चिमण्या ओरडत होत्या.

"मग शिकार न्हाय," पाटील म्हणाले. "मालकच न्हाय तर काम कुणाचं? वैदू, पालं उचल."

मी तापलो. चार माणसांत दोनदा मागायला लावलेलं, करवंटीतला चहा, गिरणीपुढचा आवाज, सगळं आठवलं. मी पाटलांच्या समोर जाऊन उभा राहिलो.

"उचलतो," म्हटलं. "उचलून इथं आणतो."

"कुठं?"

"टेकावर. ह्या रानात शिरायची परवानगी मला दोघांनीही दिलीय. तुम्ही ऐकलीय, गुरुजींनी ऐकलीय, अर्ध्या गावानं ऐकलीय. शिकार नाही करणार. मालक रक्त घेईपर्यंत कुत्री बांधून ठेवतो. पण शिरायला तर कुणी नको म्हटलेलं नाही."

"दिलेली परवानगी काढून घेतील."

"घेऊ द्या. पण काढून घेणारा मालक लागतो. ज्याची हरकत असेल त्यानं म्हणावं, रान माझं. आणि पुढचं पण म्हणावं."

पाटील वळले. "दादा, हरकत हाय?"

तुळसाजीराव चुन्याची डबी शोधत होते. डबी त्यांच्या हातातच होती.

"शामराव?"

शामरावांनी माझ्याकडे असं बघितलं की ते अजून मला आठवतं. पण तोंड उघडलं नाही.

"कुणाची तक्रार न्हाय," पाटील म्हणाले आणि सायकलीकडे चालायला लागले. जाताना माझ्या जवळून गेले तेव्हा हळूच म्हणाले, "लवकर मोकळी होऊ दे रं तुझी बायको."

त्याच दिवशी आम्ही पालं टेकावर नेली. त्या पंचक्रोशीत सगळ्यात चांगली जागा होती. उंच, कोरडी, ओढा जवळ. कोल्हे पालांच्या शेजारून जायचे-यायचे. पहिल्या दिवशी बिचकले, मग त्यांना आमची सवय झाली. कुत्री दोऱ्या तोडायला बघायची. सायबू म्हणायचा, "भावजी, ताटात बसलोय आणि जेवायचं नाही." आम्ही ओढ्यात खेकडे धरायचो, बायका गावात सुया विकायच्या. गावातल्या बायका आव्वाकडून बाळंतकाढ्याच्या मुळ्या घ्यायला लागल्या. दोन्ही नलावड्यांच्या घरून, मागच्या दारानं, मागणं आलं. तिनं दोघांनाही दिल्या.

गंगव्वा टेकावर बाळंत झाली. मुलगी झाली. ती एवढी रडली की कोल्हे त्या रात्री गप्प बसले. आव्वा बाहेर येऊन मला म्हणाली, "ऐकतोस ना?" मी म्हटलं, ऐकतोय. मी पालाच्या मागं जाऊन बसलो आणि पुष्कळ वेळ ते रडणं ऐकत होतो. एवढं चांगलं काही मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

गंगव्वा उठली, हिंडायफिरायला लागली. मग तुळसाजीरावांच्या लेकीला मुलगा झाला. नंतर शामरावांच्या सुनेला मुलगा झाला, गावात पेढे वाटले. आमच्याकडे पेढे आले नाहीत. त्या मुलाचं बारसं झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोघंही भाऊ टेकावर हजर झाले. एकत्र आले नव्हते, दोन बाजूंनी आले होते. पोलीस पाटील मागून आले.

"उठा," तुळसाजीराव म्हणाले.

"कुणाचं रान?" मी विचारलं.

"माझं," तुळसाजीराव म्हणाले.

"माझं," शामराव म्हणाले.

"आणि रक्त?"

शामराव हसले. पहिल्या दिवशी गोधडीवर बसून हसले होते तसेच. "शिकार कुठं चाललीया तुमची? कसलं रक्त? उठा आता, लय झालं."

पाटील माझ्याकडे बघून म्हणाले, "तक्रार हाय बाबा. आता दोघांची हाय."

आम्ही गाढवं लादली. गंगव्वा पोरीला झोळीत घालून चालत निघाली, ती स्वतःच्या पायांनी, ताठ. त्या वेळी मला तेवढं पुरेसं वाटलं. आता वाटत नाही. तिला उठवायला ज्यांनी आपापल्या लेकीसुनेचं बाळंतपण होईपर्यंत वाट बघितली, त्यांनी आमच्या पोरीचा विचार केला होता असं समजण्याइतका मी आता खुळा राहिलेलो नाही.

त्यांचा दावा पुढं चालूच राहिला म्हणे. मला साक्षीला कुणी बोलावलं नाही, एकानंही नाही.

पुढं पुष्कळ वर्षांनी आमची पालं एका माळावर होती. पोरगी मोठी झाली होती, तिचं लग्न ठरत होतं. सायबूची पोरं दुसऱ्या एका मुलखात, डोंगरापलीकडे, शिकारीला निघणार होती. आव्वाला आता नीट दिसत नव्हतं. ती पालाच्या तोंडाशी उन्हात बसली होती. मी तिच्याजवळ जाऊन बसलो.

"आव्वा, तो नव्या रानाचा रिवाज एकदा नीट सांग. पोरांना शिकवायचाय. रान माझं, रक्त माझं. त्याच्या आधी काही म्हणतात का?"

"कुठला रिवाज?"

"टेकावर सांगितलास तो."

तिला आठवायला वेळ लागला. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं खोकला आला. ती हसत होती.

"अरे, तू एक नाव घेणार होतास. तोंड उघडलं होतंस. एक नाव घेतलं असतंस तर दुसऱ्यानं त्याच दिवशी कुत्री मारली असती आणि पालं जाळली असती. मला वाटलं, रक्ताचं काहीतरी सांगितलं तर तू तरी घाबरशील. गंगव्वाच्या पोटासाठी घाबरशील आणि गप्प बसशील." तिनं डोळे पुसले. "तेच घाबरले. मला काय माहीत त्यांच्या घरात कोण कोण गरोदर आहे. एकीचंच माहीत होतं."

इतकी वर्षं मी ते चार शब्द धरून होतो. रान माझं म्हणून रक्त टाळणाऱ्या दोन्ही नलावड्यांच्या घरी काही वाईट झाल्याचं ऐकू येतंय का, म्हणून त्या बाजूच्या माणसांना विचारत आलो होतो. कधीच काही ऐकू आलं नाही. दोन्ही घरं भरलेली होती.

"मग खरा रिवाज काय आहे?" मी विचारलं. "नव्या रानात खरं काय म्हणतात आपल्यात?"

"मला काय ठाऊक," आव्वा म्हणाली. "मी तरी कुठं नवं रान बघितलं होतं."